गणपतीनंतर दरवर्षी होणारी 'सर्दी' खरंच सर्दी असते का?

गणपती गेले की सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका. नाकातून पातळ पाणी, डोळे लाल, टाळूला आतून खाज. ताप मात्र नाही. दिवाळीपर्यंत हेच चालतं आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा सुरू होतं. असं होत असेल तर ती सर्दी नसून परागकणांची ॲलर्जी, म्हणजे 'हे फीव्हर' असू शकते.

नाव तसं फसवंच आहे, कारण यात ताप येत नाही. लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये या त्रासाचं वर्णन केलं, तेही स्वतःच्याच लक्षणांवरून.

महाराष्ट्रात यामागचा एक मोठा संशयित म्हणजे गाजर गवत. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण १९५० च्या दशकात पुण्यात आढळलं. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं मानलं जातं. आज मोकळा प्लॉट दिसला की तिथे त्याची बारीक पांढरी फुलं असतातच. पावसावर ते माजतं आणि त्याचे परागकण हवेत मिसळतात. ते उपटताना हातमोजे घाला, कारण नुसत्या स्पर्शानेही अनेकांच्या अंगावर पुरळ येतं.

ओळखायचं कसं?

साधी सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत बरी होते. ॲलर्जी आठवडेच्या आठवडे टिकते आणि खाज ही तिची खूण. वर्षभर शिंका येत असतील तर घरातल्या धुळीवर संशय घ्या. त्रास कधी आणि कुठे वाढतो, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. गरज वाटल्यास ते 'स्किन प्रिक टेस्ट' सांगतात. हातावर वेगवेगळ्या ॲलर्जनचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांत कुठे गांधी उठते ते पाहतात. टेस्टच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, त्यामुळे आधी विचारून घ्या. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, ती लक्षणांशी जुळायला हवी.

उपाय काय?

अँटिबायोटिकचा इथे काहीच उपयोग नाही. डॉक्टर बहुतेकदा नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात, आणि गडबड होते ती इथेच. दोन दिवसांत फरक नाही म्हणून लोक तो सोडून देतात. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून दरवर्षी त्रास होणाऱ्यांना तो सीझनच्या आधीच सुरू करायला सांगतात. मान किंचित खाली ठेवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवं. जोरात ओढू नका, नाहीतर औषध थेट घशात जातं.

चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे ड्रॉप्स मात्र जपून. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक आणखी चोंदतं. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन गाडी चालवू नका.

या दिवसांत बाहेर मास्क लावा, घरी आल्यावर तोंड धुवा, कपडे घरातच वाळवा. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल तर तो दमा असू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.