नवशिक्यांची लिनक्स

हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने 1991 साली लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली जगापुढे ठेवली, आणि 1993 साली स्लॅकवेअर व डेबियन या तिच्या वितरण-आवृत्त्या उदयास आल्या. परंतु हे भांडार सर्वांस खुले असूनही त्याच्या उंबरठ्यावर सामान्य माणसाचे पाऊल अडखळत असे, कारण पडद्यावर चित्र उमटावे एवढ्यासाठीसुद्धा मॉनिटरची आडवी व उभी वारंवारता एका फाइलीत स्वहस्ते नमूद करावी लागे, आणि आकडा चुकल्यास जुन्या मॉनिटरला इजा पोहोचण्याची धास्ती असे. मँड्रेक या आवृत्तीने 1998 पासून ही वाट पुष्कळ सुकर केली, याचे श्रेय तिला आज फारसे कोणी देत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या आश्रयाने ऑक्टोबर 2004 मध्ये डेबियनच्याच पायावर उभी राहिलेली उबुंटू मात्र एकाच सीडीत मावणारी आणि मागणी करताच टपालाने फुकट घरपोच येणारी होती. जून 2006 पासून तर तीच सीडी घालून, हार्ड डिस्कला धक्का न लावता, प्रथम सारी व्यवस्था पारखावी आणि मन मानले तरच ‘इन्स्टॉल’च्या चिन्हावर टिचकी मारावी, अशी मुभा मिळाली; नवशिक्याची भीती घालविण्यास, माझ्या मते, कोणत्याही प्रचारापेक्षा ही तजवीजच (क्नॉपिक्स या आवृत्तीने आधी रुळविलेली) अधिक कारणीभूत झाली. 2011 साली फुकट सीडी बंद पडली, आणि त्याच वर्षी उबुंटूच्या डेस्कटॉपवर आलेल्या युनिटी या नव्या रूपावर नाराज झालेली बरीच मंडळी मिंट या दुसऱ्या आवृत्तीकडे वळली, कारण तेथे खालची पट्टी व कोपऱ्यातला मेनू जिथल्या तिथे होता.