तारांच्या जुडग्यातले महायुद्ध : एका लष्करी ट्रकचे जुने वायरिंग (थ्रेड)

१/ दुसऱ्या महायुद्धातील एखादा ट्रक पुन्हा उभा करायला घेतला, की सर्वांत आधी भंगारात जाते ते त्याचे वायरिंग. रंगाचे थर खरवडून मूळ छटा शोधली जाते, इंजिनावरचे क्रमांक जपून टिपले जातात. तारांचा जुडगा मात्र पक्कडीने तोडून ओढून काढतात. कारण सबळ आहे. ऐंशी वर्षांची तार जरा वाकवली तरी आवरणाचा चुरा होतो, उघडे तांबे चासीला टेकते आणि पेट घेण्यास तेवढे पुरते. वायरिंग बदलावेच लागते, याविषयी वाद नाही. पण ते न वाचता फेकले, तर त्या ट्रकच्या इतिहासाचे एक अख्खे प्रकरण त्याबरोबर जाते.

२/ उदाहरण म्हणून जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अमेरिकी ट्रक घेऊ. अडीच टनी, सर्व चाकांना गती देणारा, सैनिकांच्या तोंडी ‘जिमी’. नावातला पहिला सी म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा सी म्हणजे नेहमीच्या धाटणीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही गती आणि डब्ल्यू म्हणजे मागे दोन चालते अॅक्सल. १९४१ ते १९४५ या काळात असे ५ लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. नॉर्मंडीनंतर पुढे सरकणाऱ्या सैन्याला रसद पोचवणाऱ्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’चा (२५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४) कणा हाच ट्रक होता. तिचे सुमारे तीन-चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकी होते, आणि त्यांच्याच देशाच्या सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

३/ आता तारेकडे. मध्ये तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्यावर रबर, रबरावर सुती धाग्याची वीण आणि विणीवर लाखेसारख्या वॉर्निशचा हात. कोणती तार कुठली, हे विणीत घातलेल्या रंगीत धाग्यावरून ओळखायचे. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळत. गंधक तांब्याला काळे पाडते, म्हणून तांब्यावर कथिलाचा मुलामा देण्याची पद्धत होती. मुलामा जिथे अपुरा पडला, तिथे आजही सोललेली तार काळीठिक्कर निघते आणि तिला डाग दिला तरी तो धरत नाही.

४/ या रबराची एक स्वतंत्र कथा आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा जवळजवळ सगळा पुरवठा तुटला. पेट्रोलियम आणि अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनवण्याचे प्रचंड कारखाने तिथे उभे राहिले ते यानंतर. याच काळात तारांच्या आवरणातही कृत्रिम रबर आणि पीव्हीसी शिरू लागले. टंचाई तांब्याचीही होती. १९४३ मध्ये अमेरिकेने एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. त्यामुळे एकाच ट्रकच्या जुडग्यात दोन वेगळ्या आवरणांच्या तारा आढळल्या, तर मूळ कोणती आणि नंतर जोडलेली कोणती, एवढाच प्रश्न उरत नाही. ती जोडणी केव्हाची असावी, याचा अंदाजही तिथे मिळू शकतो.

५/ वायरिंग ६ व्होल्टचे. इथेच पुनर्बांधणी करणारे बहुतेक जण फसतात. तेवढाच उजेड हवा असेल, तर ६ व्होल्टवर १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. तारेत अर्धा व्होल्ट वाया गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीत तो चोविसावा हिस्सा, इथे बारावा. म्हणजे त्याच प्रमाणात नुकसान राखायचे, तर तांब्याचा छेद चौपट हवा. आजच्या गाडीची बारीक वायर ओढली की हेडलाइट पिवळे पडतात आणि सेल्फ कण्हत फिरतो. मग ‘जुन्या गाड्या अशाच’ असा निष्कर्ष निघतो. दोष खरे तर नव्या वायरचा आणि गंजलेल्या अर्थचा असतो.

६/ जुडग्यातला सर्वांत बोलका भाग मात्र दिव्यांचा. सीसीकेडब्ल्यूच्या दिव्यांचा स्विच ओढण्याचा आहे. पहिल्या टप्प्यात फक्त ब्लॅकआउटचे मिणमिणते दिवे लागतात. त्यापुढे नेहमीच्या हेडलाइटपर्यंत जायचे, तर एक खटका दाबावा लागतो. तो दाबल्याशिवाय स्विच पुढे सरकतच नाही. अंधारात, थकलेल्या हाताने, चुकून पूर्ण उजेड पडू नये यासाठी ही योजना. शत्रूच्या विमानाला एक हेडलाइट दिसला, तर धोका एका ट्रकला नव्हे, अख्ख्या ताफ्याला होता.

७/ मागच्या दिव्यांत तर भूमितीच वापरलेली आहे. त्यातील छोट्या फटी अशा अंतरावर कोरल्या आहेत, की मागच्या ट्रकच्या चालकाला सुमारे १८० फुटांपलीकडून एकच ठिपका दिसतो, ६० ते १८० फुटांमध्ये दोन आणि ६० फुटांहून जवळ गेल्यास चार. एक दिसला तर वेग वाढवा, चार दिसले तर कमी करा, दोन असतील तर तसेच चला. ना बोलणे, ना खूण. डोळ्यांची बारकावे वेगळे करण्याची मर्यादा हेच मोजमाप. (मुंबईतल्या जुन्या पिढीला १९७१ चा ब्लॅकआउट आणि वरचा अर्धा भाग काळा रंगवलेले हेडलाइट आठवतील. गरज तीच, पण हा उपाय कितीतरी काटेकोर.)

८/ नवे वायरिंग करताना सर्वांत आधी गळतात त्या या तारा. ‘आता ब्लॅकआउट कशाला?’ असे म्हणत हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट एवढ्यावर काम भागवले जाते. बाहेरून ट्रक हुबेहूब १९४४ चा दिसतो; मडगार्डवर ब्लॅकआउट दिवाही असतो, फक्त त्याच्यामागे तार नसते.

९/ हे कातरकाम नवे नाही. युद्ध संपताच जगभर लष्करी वाहने विक्रीस निघाली. भारतातही. आसामातील लेडोहून १२ जानेवारी १९४५ रोजी निघून ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोचलेल्या पहिल्या ताफ्यामागे अमेरिकी वाहनांचा मोठा साठा या भूमीवर उभा होता. ‘डिस्पोजल’च्या मालातून अशी वाहने खासगी मालकांकडे गेली. नागरी मालकाला ब्लॅकआउटचा उपयोग नव्हता, मालवाहतुकीचा होता. म्हणून तारांवर पिळलेले जोड, कापडी टेपचे वेढे, हॉर्नसाठी उसनी घेतलेली एखादी निकामी तार, यांकडे बिघाड म्हणून पाहणे अपुरे ठरते. कारखान्याच्या नोंदीत ट्रकचा जन्म असतो. त्याचे पुढचे आयुष्य कोणा अनाम मिस्त्रीने मारलेल्या या गाठींत असते.

१०/ म्हणून जाणकार आधी काही तोडत नाहीत. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची, जागेवरच छायाचित्रे घ्यायची, मग जुडगा अखंड काढून फळीवर पसरायचा आणि प्रत्येक फाट्याचे अंतर मोजायचे. अमेरिकी लष्कराची टीएम ९-८०१ ही पुस्तिका शेजारी ठेवून ताडून पाहायचे. पुस्तिका आणि प्रत्यक्ष जुडगा जिथे जुळत नाहीत, तिथे थांबायचे. नव्या जुडग्यासाठी आत पीव्हीसी आणि बाहेर सुती वीण अशी तार मिळते: रूप जुने, सुरक्षितता नवी. ही तडजोड योग्यच आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठीची ‘तुरिन सनद’ (२०१३) बदललेल्या भागांची नोंद ठेवायला आणि त्यांवर न खुपणारी पण कायमची खूण करायला सांगते. अस्सलपणाच्या नावाखाली चुरा होणारी तार तशीच ठेवणे म्हणजे निष्ठा नव्हे, निष्काळजीपणा होय.

११/ तारा जोडल्यावर एक काम विसरून चालत नाही. जुना डायनमो वीज निर्माण करू लागतो तो आपल्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वाच्या जोरावर. बॅटरीच्या तारा निघाल्या, डायनमो उघडला गेला, की त्या चुंबकत्वाची दिशा उलटलेली असू शकते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी रेग्युलेटरवरील बॅटरी आणि डायनमोच्या टोकांना क्षणभर तारेचा स्पर्श द्यायचा. एक ठिणगी उडते आणि लोखंडाला दिशा मिळते. हे राहिले, तर कटआउटचे पॉइंट चिकटून जळतात आणि महिन्याभराची मेहनत काही मिनिटांत वासावरून कळते.

१२/ शेवटी त्या ‘एस’ अक्षराविषयी. अनेक लष्करी ट्रकांच्या बॉनेटवर क्रमांकानंतर ‘एस’ रंगवलेला दिसतो. त्याचा अर्थ : या वाहनाच्या प्रज्वलनाचा रेडिओला त्रास होणार नाही. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी जवळच्या लष्करी रेडिओत खरखर निर्माण करी. ती दाबण्यासाठी प्लगच्या तारांत रोध, डायनमोजवळ कंडेन्सर आणि बॉनेट, मडगार्ड, इंजिन, चासी यांना एकमेकांशी जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असत. आज पुनर्बांधणीत ‘एस’ हौसेने रंगवतात. पट्ट्या मात्र ‘या कशाच्या?’ म्हणून रंगकामाआधीच काढलेल्या असतात आणि परत लागत नाहीत.

१३/ पडताळा सोपा आहे. इंजिन चालू ठेवावे, बॉनेटजवळ मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर धरावा आणि एखादे दूरचे केंद्र लावावे. इंजिनाच्या वेगाबरोबर खरखर वाढत गेली, तर तो ‘एस’ नुसता रंग आहे.