खिडकीबदल, शीत प्रदेशांतील घरांचा : परवाने व ऊर्जादंडक

राहत्या घराच्या जीर्ण अथवा उष्णतारोधास अपुऱ्या ठरलेल्या खिडक्या काढून त्यांच्या जागी नव्या बसविणे, आणि या कामास लागू होणारे बांधकामाचे परवाने, अग्निसुरक्षेचे नियम व ऊर्जाव्ययाच्या मर्यादा, हा या नोंदीचा विषय असून त्याचे विवेचन मुख्यतः कॅनडाच्या संदर्भात केले आहे. ज्या मुलखात हिवाळा वर्षातील पाच-सहा महिने ठाण मांडून बसतो, तेथे खिडकी ही भिंतीचा सर्वांत दुबळा भाग ठरते. घरातील ऊब तिच्या काचेतून, चौकटीतून आणि चौकट व भिंत यांमधील फटीतून अशा तीन वाटांनी बाहेर पडते. त्यांपैकी पहिल्या वाटेवर कायद्याने पुष्कळ लक्ष पुरविले आहे, दुसरीवर बेताचे, आणि तिसरी बव्हंशी कारागिराच्या हाती सोपविली आहे.

पूर्वपीठिका : कॅनडातील जुन्या घरांना एकपदरी काचेच्या खिडकीबाहेर हिवाळ्यापुरती दुसरी खिडकी चढविण्याची चाल होती. थंडी सुरू होण्यापूर्वी शिडी लावून ही बाहेरची झडप चौकटीवरच्या आकड्यांना अडकवावयाची आणि बर्फ वितळल्यावर उतरवून ठेवावयाची, असा वार्षिक परिपाठ असे. झडपेच्या खालच्या आडपट्टीत ओळीने तीन गोल भोके पाडलेली असत व त्यांवर एक लाकडी पट्टी फिरती बसविलेली असे. ती उचलली म्हणजे बंदिस्त घरात थोडी ताजी हवा येई, आणि वारा सुटला की ती पाडून भोके बंद करता येत. दोन काचांमध्ये हवा कोंडून उष्णता अडविण्याच्या युक्तीचे अमेरिकी पेटंट न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेट्सन यांनी १८६५ मध्ये घेतले होते, तरी कडांशी कायमची सांधलेली जोडतावदाने घरोघर रूढ होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले. १९७७ मध्ये सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना येथे ‘सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस’ हे प्रायोगिक घर उभारण्यात आले. त्याच्या खिडक्यांवर रात्री ओढून घेण्यासाठी उष्णतारोधक झडपा होत्या. १९८२ मध्ये ‘आर-२०००’ ही मितव्ययी घरांची योजना सुरू झाली.

काच व संघनन : खिडकीतून वाहणारी उष्णता ‘यू-मूल्या’ने मोजतात. एक चौरस मीटर क्षेत्रातून, आतबाहेरच्या तपमानात एका अंशाचा फरक असता, दर सेकंदास किती ऊर्जा निघून जाते हे ते मूल्य सांगते, म्हणून ते जितके कमी तितकी खिडकी चांगली. साध्या एकपदरी काचेचे यू-मूल्य ६ च्या थोडे खाली, साध्या दुपदरी काचेचे २.८ च्या आसपास, आणि चांदीचा अतिसूक्ष्म लेप व आर्गॉन वायू असलेल्या तिपदरी काचेचे ०.८ च्याही खाली येते. साधी काच आपल्या तपमानानुसार संभवणाऱ्या उष्णता-प्रारणापैकी सुमारे ८४ टक्के बाहेर टाकते. उत्तम लेपाने हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते. आर्गॉनची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे दोनतृतीयांश असते. मात्र काचांमधील अंतर वाढवीत गेल्याने लाभही वाढत जातो असे नाही, कारण साधारण १२ ते १६ मिलिमीटरांपलीकडे आतला वायूच अभिसरण पावू लागतो आणि उष्णता एका काचेकडून दुसरीकडे पोहोचवितो. (पहा : काच.)

गृहस्थास या आकड्यांचा प्रत्यय काचेवर साचणाऱ्या पाण्याने येतो. घरात २१° से. तपमान व ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असता दवबिंदू सुमारे ७° से. असतो. विनिपेगसारख्या शहरी बाहेर पारा उणे ३०° ला उतरला, म्हणजे एकपदरी काचेचा आतला पृष्ठभाग उणे १५ अंशांच्या आसपास जाऊन तीवर हिमाचा थर चढतो. साध्या दुपदरी काचेचा पृष्ठभाग ३ अंशांच्या जवळ राहून पाणी ओघळते. चांगल्या तिपदरी काचेचा १५ अंशांच्या वर राहून ती कोरडी असते. ओघळलेले पाणी खालच्या आडपट्टीवर साचून लाकूड कुजते व भिंतीस बुरशी धरते, आणि एवढ्या कारणावरून खिडकी बदलावयास निघालेल्या कुटुंबांची संख्या इंधनाच्या बिलास कंटाळलेल्यांपेक्षा कमी नसावी. काचेच्या मध्यभागी कोरडेपणा राखणारी खिडकीही कडेशी मात्र ओली होऊ शकते, कारण दोन काचांना अंतरावर ठेवणारी पट्टी ॲल्युमिनियमची असल्यास तीतून उष्णता झपाट्याने वाहते. म्हणून अलीकडे ही पट्टी कमी वाहकतेच्या द्रव्यांची करतात.

ऊर्जादंडक : कॅनडात इमारतींचे नियमन हा प्रांतांचा अधिकार आहे. ‘नॅशनल बिल्डिंग कोड’ ही १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली संहिता नमुनादाखल असून प्रांताने अंगीकारल्यावरच तिला कायद्याचे बळ येते. २०१२ च्या अखेरीस तीत ऊर्जाविषयक ९.३६ हा विभाग घालण्यात आला. त्यात वर्षभराच्या तापन-अंशदिनांवरून, म्हणजे रोजचे सरासरी तपमान १८° से. पेक्षा जितके अंश कमी त्यांच्या वार्षिक बेरजेवरून, देशाचे विभाग पाडले आहेत. चौथ्या व पाचव्या विभागात खिडकीचे यू-मूल्य अधिकात अधिक १.८, सहाव्या व ‘७-अ’ विभागात १.६, आणि ‘७-ब’ व आठव्या विभागात १.४ असावे, असा त्यातील दंडक होता. या वाटणीत टोरांटो पाचव्या, मॉन्ट्रिऑल व ओटावा सहाव्या, एडमंटन व विनिपेग ‘७-अ’, तर यलोनाइफ आठव्या विभागात पडतात. ऑन्टारिओ व क्वेबेक या प्रांतांच्या मात्र आपापल्या स्वतंत्र संहिता आहेत.

यू-मूल्यास पर्याय म्हणून ‘एनर्जी रेटिंग’ हा कॅनडाचा स्वतःचा गुणांक चालतो. त्यात काचेतून आत येणाऱ्या सूर्योष्णतेची जमा धरून, वाहून जाणारी उष्णता व हवेची गळती वजा करतात आणि शेवटी ४० मिळवितात. या रीतीने भरपूर ऊन घेणाऱ्या काचेला झुकते माप मिळते. दक्षिणाभिमुख खोलीत ते न्याय्यच आहे, परंतु पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत त्यामुळे उन्हाळा असह्य होतो असा आक्षेप असून त्याविषयी एकमत नाही. स्वेच्छेने पाळावयाचा ‘एनर्जी स्टार’ हा दंडक अधिक कडक आहे. १ जानेवारी २०२० पासून त्याने विभागवार भेद मोडून संपूर्ण देशासाठी १.२२ हे कमाल यू-मूल्य किंवा ३४ हा किमान गुणांक ठरविला.

संहितेचे दंडक मूळचे नव्या बांधकामासाठी आखलेले असल्यामुळे जुन्या घरातील खिडकीबदलास ते कितपत बांधतात, याविषयी प्रांतोप्रांतीचा व्यवहार भिन्न आहे.

परवाने : परवान्याचा प्रश्न सामान्यतः खिडकीवर नव्हे, तर भिंतीतील मोकळ्या गाळ्यावर अवलंबून असतो. गाळा आहे तेवढाच ठेवून नवी खिडकी बसविण्यास टोरांटो, कॅलगरी आदी शहरांत बहुधा बांधकाम-परवाना लागत नाही. तो रुंद करावयाचा, अथवा अखंड भिंतीत नवा पाडावयाचा झाल्यास मात्र लागतो. रुंदी वाढली की गाळ्यावरील लिंटेलला अधिक लांबीचा भार पेलावा लागतो, आणि हिमप्रदेशात त्या भारात छपरावर साचलेल्या बर्फाचेही वजन असते. अर्जासोबत मजल्याचा नकाशा, दर्शनी आरेखन आणि नव्या लिंटेलचा तपशील द्यावा लागतो व काम झाल्यावर तपासनीस पाहणी करून जातो. मॉन्ट्रिऑलच्या काही उपविभागांत मात्र गाळा तोच राहिला तरी दर्शनी बाजूच्या खिडकीबदलास परवाना आवश्यक असतो. सहनिवासी इमारतींत खिडक्या बहुधा सामाईक मालकीच्या मानल्या जात असल्याने सदनिकाधारकास इमारतीच्या व्यवस्थापक मंडळाच्या मंजुरीवाचून त्यांस हात लावता येत नाही.

शेजारच्या हद्दीपासूनचे अंतर हाही मुद्दा निर्णायक ठरतो. आग एका घरातून दुसऱ्या घरात खिडक्यांवाटे पसरते, म्हणून हद्दीपासून १.२ मीटरांच्या आत असलेल्या भिंतीत नव्या काचेरी खिडकीस नमुना-संहितेत सर्वसाधारणपणे मुभा नाही.

सुटकेची वाट : निजण्याच्या खोलीस, तेथे स्वयंचलित जलफवारे नसल्यास, बाहेर पडण्याजोगी एक तरी खिडकी वा दार असलेच पाहिजे, आणि ते किल्ली, हत्यार वा विशेष माहिती यांवाचून आतून उघडता आले पाहिजे. अशा खिडकीची अडथळारहित मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर असावी आणि तिची कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरांहून कमी असू नये. या दोन अटी एकत्रच वाचावयाच्या असतात : रुंदी ३८० मिलिमीटर ठेवली तर उंची किमान ९२२ मिलिमीटर लागते. तळघरातील खिडकीपुढे खड्डा असल्यास त्यात माणूस मावून वर चढू शकेल इतके, म्हणजे ७६० मिलिमीटर अंतर सोडावे लागते.

खिडकीबदलात हा नियम नकळत मोडण्याचा संभव मोठा आहे. जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या पोटात नवी चौकट बसविण्याची पद्धत स्वस्त व जलद असते, पण ती मोकळी जागा चारी बाजूंनी खाते. समजा, जुन्या खिडकीची मोकळी जागा ६०० × ६०० मिलिमीटर, म्हणजे ०.३६ चौरस मीटर होती. नव्या चौकटीने प्रत्येक बाजूस २५ मिलिमीटर घेतले की ती ५५० × ५५०, म्हणजे अवघी ०.३० चौरस मीटर उरते, आणि कालपर्यंत कायदेशीर असलेली झोपण्याची खोली तशी राहत नाही. भाड्याने दिलेल्या तळघरांत हा प्रश्न जीवनमरणाचा असल्यामुळे खिडकी मागविण्यापूर्वी, ऊर्जेचा कोणताही आकडा पाहण्याआधी, झडप पूर्ण उघडून मोकळी जागा मोजावी.

बसवणी : ‘सीएसए ए४४०.४’ हे मानक या कामाची रीत सांगते; प्रस्तुत संकलकाच्या मते संपूर्ण विषयात याहून महत्त्वाचे प्रकरण नाही, कारण प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली खिडकी सदोष बसवणीने निकामी होते. गाळ्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार देऊन त्यावर जलरोधक पडदी अंथरावी व ती दोन्ही अंगांस वर वळवावी, म्हणजे आत शिरलेले पाणी भिंतीत न मुरता बाहेर वाहील. चौकट पाचरींवर समपातळीत व ओळंब्यात बसवून तिच्या भोवतालची फट कमी फुगणाऱ्या फोमने भरावी. अधिक फुगणारा फोम दाबून भरल्यास चौकटीच्या उभ्या बाजू आत वाकतात व झडप अडकू लागते. घरातील बाष्परोधक पडदा नव्या चौकटीशी अखंड जोडलेला असावा. तो सुटा राहिल्यास उबदार दमट हवा फटीत शिरून तेथे गोठते आणि वसंतात वितळून भिंत आतून भिजविते. चौकटीच्या तळाशी असलेली निचऱ्याची बारीक छिद्रे सीलंट लावताना बुजवू नयेत. काम पूर्ण झाल्यावर यातील काहीच दृष्टीस पडत नाही, म्हणून आतली पट्टी ठोकण्यापूर्वी घरमालकाने स्वतः उभे राहून ते पाहून घेणे इष्ट.

वारसास्थळे : ऑन्टारिओत १९७५ च्या वारसा कायद्यान्वये नामनिर्दिष्ट घरांना व वारसाक्षेत्रांतील वास्तूंना दर्शनी फेरबदलांसाठी नगरपालिकेची संमती लागते. जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त करून त्यांवर बाहेरची झडप चढविल्यास नव्या दुपदरी खिडकीच्या जवळपास फळ मिळते, असे संवर्धकांचे प्रतिपादन आहे. उत्पादकांस ते मान्य नाही.

अनुदाने : मे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅनडा ग्रीनर होम्स’ योजनेत एकूण ५,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळे, कामाआधी व नंतर घराचे ऊर्जामापन सक्तीचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे अर्ज घेणे थांबविण्यात आले. केवळ इंधनबचतीतून खिडक्यांचा खर्च भरून निघण्यास लागणाऱ्या मुदतीचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत. छपराच्या माळ्याचे उष्णतारोधन आधी करावे याविषयी मात्र जाणकारांत फारसा मतभेद आढळत नाही.

इतर देश : अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांतील खिडकीबदलात शिसेयुक्त रंगाची धूळ आवरण्याचा नियम २०१० पासून व्यावसायिक ठेकेदारांवर बंधनकारक आहे, परवान्याची सक्ती नगरागणिक वेगळी. इंग्लंडमध्ये एप्रिल २००२ पासून खिडकीबदलाची वर्दी द्यावी लागते किंवा ‘फेन्सा’सारख्या योजनेत नोंदलेल्या ठेकेदाराचा दाखला चालतो; जून २०२२ पासून तेथील कमाल यू-मूल्य १.४ आहे. जर्मनीत ते १.३.

भारत : ‘इको निवास संहिता, २०१८’ नव्या निवासी इमारतींसाठी असून शीत हवामान-विभागात छत वगळता बाह्य आवरणाचे यू-मूल्य १.८ पेक्षा अधिक असू नये, असे ती सांगते.