मागून येणारा जोडीदार : परदेशगमनाच्या कायद्यांतील पति-पत्नी

पवनेकाठचे थेरगाव हे एके काळचे शेतकरी गाव. आज ते पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या मध्ये सापडलेले उपनगर आहे. अशा वस्तीत पति-पत्नी, किंवा विवाह ठरलेले वधू-वर, दोन देशांत विभागलेले असणे ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. त्यांनी एकत्र येण्याचे मार्ग कोणते, हा प्रश्न सामान्यतः वकिलाचा मानला जातो. परंतु त्यालाही इतिहास आहे. आणि तो पाहिल्यावाचून आजच्या नियमांतील ‘अवलंबित’ या शब्दाचा खरा अर्थ ध्यानी येत नाही.

प्रारंभ आनंदीबाई जोशी यांच्यापासून करणे उचित होईल. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती गोपाळराव टपाल खात्यातील नोकरीवर बंगालमधील श्रीरामपुरास राहिले. ते अमेरिकेस पोहोचले १८८५ मध्ये. या ताटातुटीत अडचणी होत्या त्या पैशाच्या, नोकरीच्या आणि समुद्रगमनाविषयीच्या लोकरोषाच्या. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांस प्रवेशबंदी केली होती. हिंदी प्रवाशास तसा प्रतिबंध नव्हता. म्हणूनच पत्नी पुढे आणि पती मागून, हा त्या काळी विलक्षण असलेला क्रम शक्य झाला.

पुढे हे दार बंद झाले. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग निषिद्ध क्षेत्र ठरविला. विद्यार्थी, अध्यापक, वैद्य, व्यापारी इत्यादींना सूट होती आणि ती त्यांच्या विधिसंमत पत्नीस व सोळा वर्षांखालील मुलांसही लागू होती. पतीचा उल्लेख त्या यादीत नाही. याचा अर्थ असा की, आनंदीबाई चौतीस वर्षे उशिरा निघाल्या असत्या, तर विद्यार्थिनी म्हणून त्यांना प्रवेश मिळू शकला असता. परंतु केवळ त्यांचे पती म्हणून गोपाळरावांना तो मिळाला नसता.

पत्नीचे स्थान पतीच्या स्थानावरून ठरावयाचे, हे तत्त्व नागरिकत्वातही होते. १९२२ च्या अमेरिकन कायद्यानुसार, नागरिकत्वास अपात्र परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावीत असे. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी लोकांना अपात्र ठरविले. त्यानंतर सरकारने सखाराम गणेश पंडित या वकिलांचे १९१४ मध्ये मिळालेले नागरिकत्व रद्द करू पाहिले. त्यामुळे आपल्या अमेरिकन पत्नीवरही आपत्ती ओढवेल, असे पंडितांनी दाखवून दिले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

ही दृष्टी परकीयांचीच होती असे मानण्याचे कारण नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहाच्या आधारे नोंदणीची सोय मूळात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रियांपुरती होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला तो मार्ग १९८६ च्या दुरुस्तीने खुला झाला. ब्रिटनची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. तेथे स्थायिक झालेल्या काही स्त्रियांना पतीस आणण्यास असलेला अटकाव हा लिंगभेद होय, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी दिला. त्यावर सरकारने पतींच्या अटी शिथिल करण्याऐवजी पत्नींनाही त्याच कठोर अटी लावल्या. समता आली, पण ती अडवणुकीची!

आज कायद्याची भाषा बहुतांशी लिंगनिरपेक्ष झाली आहे. १९७० मध्ये निर्माण झालेल्या के-१ व्हिसावर अमेरिकन नागरिकाची वाग्दत्त वधू वा वर तेथे जाऊन नव्वद दिवसांत विवाह करू शकतात. एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदारास एच-४ मिळतो. परंतु नोकरीची मुभा २०१५ पासून, आणि तीही काही अटी पूर्ण करणाऱ्यांनाच आहे. उलट दिशेने, दोघांनी भारतात राहावयाचे ठरविल्यास, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करता येतो. एका पक्षाचा त्या जिल्ह्यात तीस दिवसांचा निवास व तीस दिवसांची नोटीस या त्याच्या अटी होत. विवाह नोंदलेला असून दोन वर्षे टिकला असेल, तर परदेशी जोडीदार भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाच्या कार्डासाठी अर्ज करू शकतो.

मार्ग अनेक झाले, पण त्यांची घडण जुनीच आहे. कायदा दांपत्याला दोन समान व्यक्ती म्हणून क्वचितच ओळखतो. एकाचा हक्क मूळ आणि दुसऱ्याचा त्यातून निघालेला, असेच तो मानतो. १९१७ मध्ये हा दुसरा कोण, हे कायद्यानेच सांगितले होते. आज ते नोकरी, वेतन आणि घरातील रूढी ठरवितात. एच-४ वरील जोडीदारांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. म्हणून कोणत्या देशाचा व्हिसा लवकर मिळेल, या प्रश्नाआधी तरुण दांपत्याने दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा : आपल्यापैकी अवलंबित कोण होणार, किती काळ, आणि त्या काळात त्याला वा तिला स्वतःचे काम करता येईल काय?