खड्डा कुणाला माहीत होता?

गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ताच पॉज करा, घरी पोचल्यावर ऐका. कारण आजचा भाग खड्ड्यांचा आहे. खराब रस्त्यामुळे अपघात झाला, तर भरपाई मागायची कुणाकडे? या प्रश्नाला सव्वादोनशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

सुरुवात घरापासून करतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा मावसभाऊ रात्री ऑफिसातून बाइकवर घरी येत होता. रस्त्यावर पाणी साचलेलं, खड्डा दिसलाच नाही. मनगट मोडलं, दोन महिने पगार नाही. नोंद काय झाली? 'वाहनावरील नियंत्रण सुटल्याने अपघात.' म्हणजे चूक त्याचीच! चार दिवसांनी मी फोटो काढायला गेलो, तर खड्डा बुजवलेला. खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण आमचा पुरावाच डांबराखाली गेला होता.

आणि एक गोष्ट मला अजून टोचते. तो खड्डा माझ्या रोजच्या वाटेवर होता. महिनाभर मी तो चुकवून जात होतो. तक्रार एकदाही टाकली नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग सापडला की पहिलं विचारतो, हा आधी कुणाला माहीत होता? टिकिट काढलं होतं का? रस्त्यांच्या दाव्यांचा इतिहास वाचायला घेतला, तर तिथेही फिरून फिरून हाच प्रश्न.

चला, १७८८ मध्ये जाऊ. इंग्लंडमधली डेव्हन काउंटी. तिथल्या एका नादुरुस्त पुलामुळे एका माणसाच्या मालगाडीचं नुकसान झालं. मालगाडी म्हणजे रेल्वे नव्हे हां, घोड्यांची! त्याने दावा लावला तो थेट 'डेव्हनमध्ये राहणाऱ्या लोकांवर'. कारण पूल नीट ठेवायची जबाबदारी रहिवाशांची होती आणि काउंटीला आजच्या पालिकेसारखी स्वतःची तिजोरी नव्हती. कोर्टाने दावा फेटाळला. पैसे द्यायचे कुठून? आणि असे दावे घ्यायला लागलो तर त्यांना अंत कुठे? सगळ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा एकाने नुकसान सोसलेलं बरं, असा एकूण सूर. 'रसेल विरुद्ध डेव्हनचे लोक' या नावाने हा खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात.

आता गंमत बघा. दावा बुडायचं एक मोठं कारण होतं तिजोरी नसणं. पुढे तिजोऱ्या आल्या, कर आले, मोटारी आल्या, पण रस्तेवाल्यांचं संरक्षण तसंच राहिलं. ज्या जुन्या कोडला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही, तसं. रस्ता खोदून उघडा ठेवला आणि कुणी पडलं, तर दावा चालायचा. पण वर्षानुवर्षं दुरुस्तीच केली नाही आणि खड्डे पडले, तर चालायचा नाही. म्हणजे काम वाईट केलं तर अडकलात, कामच केलं नाही तर सुटलात! इंग्लंडमध्ये हे कवच १९६१ च्या कायद्याने काढलं आणि तो लागू झाला १९६४ मध्ये. डेव्हननंतर तब्बल पावणेदोनशे वर्षांनी.

आज तिथे १९८० चा हायवेज ॲक्ट आहे. रस्ता धोकादायक होता आणि त्यामुळेच अपघात झाला, एवढं जखमी माणसाने दाखवायचं. मग 'आम्ही वाजवी काळजी घेतली होती' हे सिद्ध करायचं काम रस्ता सांभाळणाऱ्यांचं. कोर्ट विचारतं, वाहतूक किती होती? इशाऱ्याचा फलक लावला होता का? दोष तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? हा शेवटचा तुकडा फार महत्त्वाचा. 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' एवढ्यावर सुटका नाही. म्हणून तिथल्या कौन्सिलांना तपासणीच्या नोंदी जपाव्या लागतात.

न्यूयॉर्कने १९७९ मध्ये बरोबर उलटा रस्ता धरला. भरपाईचे दावे वाढत होते, म्हणून शहराने नियम केला. दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली हवी, आणि त्यानंतर १५ दिवसांत दुरुस्ती झालेली नसावी. तरच जबाबदारी. शहराला वाटलं, खड्डे लिहून कळवायला बसणार कोण?

वकील बसले! १९८२ मध्ये तिथल्या वकील संघटनेने एक कंपनीच काढली. तिची माणसं रस्तोरस्ती फिरून, मुख्यतः फुटपाथ आणि क्रॉसिंगवरचे दोष नकाशांवर मांडायची. प्रत्येक प्रकारच्या दोषाला वेगळी खूण. हे नकाशे शहराच्या वाहतूक खात्याला द्यायचे. झाली लेखी सूचना! जीपीएस नाही, ॲप नाही, नुसता कागद. पण कोर्टही काटेकोर निघालं. नकाशावरची खूण आणि प्रत्यक्षातला दोष जुळत नसेल तर ती सूचना धरता येणार नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं.

आता आपल्याकडे या. मोटार अपघात न्यायाधिकरणातला नेहमीचा दावा असतो समोरच्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनीवर. खड्ड्यात एकटाच पडला, तर समोर गाडीच नाही! मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मृत्यू किंवा कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या मनगटाला नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याचे मानक पाळले नाहीत म्हणून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कंत्राटदार किंवा यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. पण तो दंडही अपघात निधीत जातो.

मोठा बदल आला मुंबई उच्च न्यायालयातून. २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुंबईच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि कोर्टाने त्याचीच जनहित याचिका केली. २०१५ मध्ये कोर्ट म्हणालं, चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मग १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख. जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी समित्या, दाव्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायची. खड्डा नजरेस आणून दिला की ४८ तासांत दखल घ्यायची.

'नजरेस आणून दिला की.' बघा, आलो ना पुन्हा त्याच प्रश्नावर?

म्हणून दुर्दैवाने वेळ आलीच तर त्याच दिवशी फोटो काढा, आजूबाजूचं दुकान किंवा खांब दिसेल असा, तारीख आणि लोकेशनसह. पोलिसांच्या नोंदीत खड्ड्याचा उल्लेख करायला लावा. दवाखान्याची कागदपत्रं जपा.

आणि अपघात होण्याआधी? तक्रार टाका आणि तिचा क्रमांक ठेवा. मी आता दिसेल तो खड्डा कळवतो. मावसभाऊ चिडवतो, 'दादा, हे आधी सुचलं असतं तर!' त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या रोजच्या वाटेवरचा एक खड्डा तुम्हाला पाठ असेल. तो आजच कळवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!