विमा एजंटाच्या पंचवीस तासांची कुळकथा

परवाना हाती आल्यावरही विमा एजंटाने दर काही वर्षांनी पुन्हा वर्गात बसावे, ही अट भारतात २००० साली आली आणि दीड दशकात एजंटांपुरती निघूनही गेली. अमेरिकेत ती अजून आहे, आणि तिच्या जोडीला एका राज्यात मिळवलेले तास दुसऱ्या राज्याने मानायचे की नाही, हा तंटाही तिथे उभा राहिला. भारतीय एजंटाला हा तंटा माहीत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबचा एजंट मंचर-नारायणगावात पॉलिसी विकतो, वाशीच्या बाजारात माथाडीचे काम करणाऱ्या गाववाल्यांना विकतो, उद्या सुरतेच्या पाहुण्यालाही विकेल. राज्याची हद्द ओलांडली म्हणून नवा परवाना त्याला कोणी मागणार नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी एजंटाने नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या मराठी कुटुंबाला पॉलिसी द्यायची ठरवली, तर त्याला तिथला अनिवासी परवाना आधी काढावा लागतो. हा फरक कुठून आला, याचा शोध घेत गेले की शिक्षणाचा इतिहास हाती लागत नाही. हाती लागतो पन्नास डॉलरचा दंड.

हा दंड सॅम्युअल पॉल नावाच्या एजंटाला झाला. तो व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गचा. फेब्रुवारी १८६६ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की परराज्यातल्या विमा कंपनीने सरकारी खजिन्यात तीस ते पन्नास हजार डॉलरचे रोखे ठेवावेत, तरच परवाना मिळेल आणि तिच्या एजंटालाही काम करता येईल. पॉलकडे न्यूयॉर्कच्या आग-विमा कंपन्यांची एजन्सी होती. रोखे ठेवायला तो तयार नव्हता, म्हणून परवाना नाकारला गेला, आणि तरीही त्याने पॉलिसी दिली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८६९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला की विम्याची पॉलिसी देणे हा व्यापारच नव्हे. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राचा अधिकार, पण विमा व्यापार नाही, म्हणजे तो राज्यांचा.

पॉल हा हट्टी एजंट होता की कंपन्यांनी पुढे केलेले प्यादे? खटला कंपन्यांनीच ठरवून उभा केला, असे मत विम्याच्या इतिहासकारांत प्रचलित आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. प्रत्येक राज्याची वेगळी अनामत आणि वेगळा कर यांना कंपन्या कंटाळल्या होत्या. सगळ्यांवर एकच केंद्रीय कायदा त्यांना हवा होता. पन्नास डॉलरच्या दंडासाठी एखादा एजंट स्वतःच्या खर्चाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईल, हे मानणे अवघडच. मिळाले मात्र नेमके उलटे. दोनच वर्षांत, १८७१ मध्ये, न्यूयॉर्कचे विमा अधीक्षक जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने राज्यांच्या विमा आयुक्तांची संघटना उभी राहिली आणि राज्यांचा अधिकार पक्का झाला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा हा व्यापारच असल्याचे सांगून जुना निकाल फिरवला, पण १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने काँग्रेसने ती सत्ता पुन्हा राज्यांच्याच पदरात टाकली.

त्यामुळे परवान्यामागून शिक्षणाची अट आली तीही राज्यागणिक. न्यू जर्सीत दोन वर्षांत २४ तास, त्यातले तीन नीतिशास्त्राचे. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांत १५. दहा राज्यांचे परवाने असलेल्या एजंटाने दहा वेळा वर्गात बसायचे काय? तोडगा निघाला तो असा: एजंटाने आपल्या गृहराज्याची अट पुरी केली की बाकीच्या राज्यांनी ती पुरी झाली असे मानावे. अभ्यासक्रमाचेही तसेच. गृहराज्याने एखाद्या वर्गाला जेवढे तास दिले, तेवढेच इतरांनी, पुन्हा तपासणी न करता, मान्य करावेत. हा तासही साठ मिनिटांचा नाही. पन्नास मिनिटांना एक तास धरतात, कॉलेजातल्या तासिकेसारखा. राज्ये एवढी समजूतदार आपण होऊन झाली नाहीत. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यात धमकी होती: तीन वर्षांत बहुसंख्य राज्यांनी परस्परांचे परवाने मानले नाहीत, तर परवाने देणारी राष्ट्रीय संस्था उभी केली जाईल. धमकी लागू पडली.

भारतात हा पेच आला नाही, याचे श्रेय सहसा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीला, विमा केंद्राकडे सोपवणाऱ्या तिच्या ४७ व्या नोंदीला देतात. ते अर्धेच खरे आहे. नोंदीचे मूळ १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आहे. तिथे विमा संघीय सूचीत घातला गेला, पण संस्थानांनी स्वतः चालवलेला विमा त्यातून वगळला होता. १९३८ चा विमा कायदाही सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नकाशा डोळ्यांपुढे आणला की याचा अर्थ कळतो. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. साताऱ्याभोवती औंध, फलटण, भोर ही संस्थाने आणि दक्षिणेला कोल्हापूर. साताऱ्याच्या एजंटाने औंधात पाय ठेवला की ब्रिटिश कायद्याची हद्द संपायची. म्हणजे पॉलची अडचण दख्खनमध्येही बीजरूपाने होतीच. ती सोडवली विलीनीकरणाने: १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने आणि १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात आले. संस्थाने टिकली असती तर आज औंधचे तास फलटणने मानावेत का, यावर समित्या बसल्या असत्या, असे म्हणायला हरकत नाही.

१९३८ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने एजंटाला परवाना सक्तीचा केला, पण त्यात शिक्षणाचा शब्दही नव्हता. अल्पवयीन नसावा, वेडा नसावा, अफरातफर किंवा फसवणुकीत दोषी ठरलेला नसावा, एवढेच. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने ग्राहकाला आपल्या कमिशनमधून हप्त्यात सूट देण्यास एजंटाला बंदी केली. कायद्याची धास्ती एजंटाच्या अज्ञानाची नव्हती, त्याच्या लबाडीची होती. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९४ मध्ये विमाक्षेत्राच्या सुधारणांसाठी नेमलेल्या मल्होत्रा समितीचा अहवाल आला, १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यानंतर तास आले.

२००० च्या नियमांनी आयुर्विमा किंवा सर्वसाधारण विमा यांपैकी एका शाखेच्या एजंटासाठी १०० तासांचे प्रशिक्षण ठरवले, दोन्ही शाखांसाठी १५०. परवाना तीन वर्षांचा. नूतनीकरणाआधी एका शाखेला २५ तास, दोन्हींना ५०. याच नियमांत एक मजेदार हद्द होती. पाच हजार किंवा अधिक लोकवस्तीच्या गावातला उमेदवार बारावी पास हवा; त्याहून लहान गावातल्याला दहावी पुरे. म्हणजे भीमाशंकरकडच्या वाडीतला दहावी पास तरुण एजंट होऊ शकत होता, मंचरच्या बाजारपेठेतला नाही. वाडीतल्याने परवाना काढून मंचरमध्येच पॉलिसी विकल्या, तर त्याला अडवणारे काही नव्हते. भारताने राज्यांची हद्द टाळली आणि जनगणनेची आखली.

हे पंचवीस तास आले कुठून? न्यू जर्सीचे २४ गोल आकड्यात आणले, असा तर्क सुचतो. तो टिकत नाही. ते २४ दोन वर्षांचे. त्या दराने तीन वर्षांचे ३६ होतात. नीतिशास्त्राचे राखीव तासही भारतीय नियमांत नव्हते. दुसरा तर्क साधा आहे: शंभराचा चतुर्थांश. त्यावर आक्षेप असा की दोन्ही शाखांच्या १५० तासांचे नूतनीकरणात ५० होतात, म्हणजे तृतीयांश. पण या आक्षेपाला हिशेबाने उत्तर देता येते. सुरुवातीला दोन शाखांचे २०० तास व्हायचे, त्यात समाईक भाग म्हणून ५० ची सूट दिली असावी; नूतनीकरणात ही सूट द्यायची राहून गेली असावी आणि पंचवीस नुसते दुप्पट झाले. २००२ चे विमा ब्रोकरांचे नियम याला दुजोरा देतात: तिथेही सुरुवातीला १०० तास आणि नूतनीकरणाला २५. चतुर्थांशाचा तर्क यामुळे सिद्ध होत नाही, पण पटण्यासारखा ठरतो. शंभर मात्र निव्वळ गोल आकडा असावा, आणि २००७ मध्ये तो सहज पन्नासवर आला, यावरून त्याच्यामागे काही शास्त्र नव्हते हेच दिसते.

शेवट पुन्हा परवान्यापाशीच आहे. २०१५ च्या विमा कायदे दुरुस्तीने ४२ वे कलम बदलले. प्राधिकरणाचा परवाना गेला. एजंट नेमण्याचा अधिकार कंपनीकडे आला. एका एजंटाला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते, परीक्षा कायम आहे. तीन वर्षांनी नूतनीकरण करायला परवानाच उरला नाही, तेव्हा नूतनीकरणाचे पंचवीस तासही आपोआप गेले. एजंटाला पुढे किती शिकवायचे हे कंपनीचे धोरण ठरवते, आणि विक्री ज्याच्या फायद्याची त्यानेच विक्रेत्याच्या शिक्षणाचे माप ठरवावे, ही व्यवस्था १९३८ च्या कायदेकारांना फारशी रुचली नसती.

ब्रोकर मात्र अजून प्राधिकरणाकडेच नोंदणी करतो. त्याची परीक्षा पुण्यातल्या बालेवाडीची राष्ट्रीय विमा अकादमी घेते, आणि २०१८ च्या नियमांतही त्याच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास पंचवीसच ठेवले गेले.