खातोय, तरी रोड का होतोय? एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात बार्शीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या मामांनी घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली होती आणि पुण्याहून एक फुलपाखरू मासा आणला होता. पिवळसर अंग, त्यावर बारीक जांभळट रेघा, डोळ्यावरून काळा पट्टा. "दादा, तो गोठवलेली आर्टेमिया खातोय, मी स्वतः बघते. तरी रोड होत चाललाय. प्रवाळ खाणाऱ्या माशाला घरच्या टाकीत काय खायला द्यावं, हाच प्रोजेक्टचा विषय घेऊ का?"

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. विषय ठरवण्याआधी त्या प्रश्नाचा इतिहास बघायचा असतो. तुम्हीही संशोधनाच्या तयारीत असाल, तर हे उदाहरण सोबत घ्या.

सुरुवात नावापासून. या माशाचं शास्त्रीय नाव कीटोडॉन ट्रायफॅसिएटस. ते दिलं मंगो पार्कने. हो, पुढे आफ्रिकेत नायजर नदीचा शोध घेणारा तोच. १७९३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर सर्जनचा मदतनीस म्हणून सुमात्राला गेला. तिथल्या आठ माशांचं त्याने केलेलं वर्णन १७९७ मध्ये छापून आलं. नाव देण्यासाठी रंग, पट्टे, परांचे काटे मोजले की काम भागत असे. मासा खातो काय, हा प्रश्न त्या कामात येतच नव्हता. म्हणजे नाव आधी आलं आणि पोटाची चौकशी फार उशिरा झाली.

मधल्या काळात मासे काचेआड आले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झालं. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. ते समुद्राला लागूनच उभं होतं. खारं पाणी हवं तर समुद्र जवळ हवा, हा तेव्हाचा साधा हिशेब. १९६० च्या दशकात कृत्रिम सागरी मीठ बाजारात आलं आणि हा हिशेब बदलला. आता आरओचं पाणी आणि मिठाची पिशवी असली की बार्शीतही समुद्र तयार होतो. पण मिठाने फक्त पाणी तयार होतं. माशाचं जेवण त्या पिशवीत येत नाही.

मग त्याचं जेवण नेमकं काय? हे शोधायच्या तीन वाटा संशोधकांनी वापरल्या. त्या नीट वेगळ्या करून बघा.

पहिली वाट पोट फाडून बघण्याची. १९६० मध्ये हायट आणि स्ट्रासबर्ग यांनी मार्शल बेटांवरच्या दोनशेहून अधिक जातींच्या माशांचा आहार असा मांडला. पण फुलपाखरू मासा पोपट माशासारखा खडक कुरतडत नाही. तो प्रवाळाच्या वरचा मऊ जीव तेवढा टिपतो. त्यामुळे पोटात सापडतो तो बहुतांशी लगदा. प्रवाळाच्या दंशपेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आल्या, तरच तो लगदा कशाचा ते कळतं.

दुसरी वाट पाण्यात उतरून बघण्याची. १९७० च्या दशकात अर्न्स्ट रीझ यांनी या माशांच्या मागे राहून ते कुठे फिरतात, कशाला तोंड लावतात, याच्या नोंदी केल्या. पुढे मॉर्गन प्रॅचेट यांनी ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटावर वीस जातींची तुलना केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली. 'प्रवाळ खाणारे' हा एक गट नाही, हे त्यातून नीट दिसतं. काही जाती अनेक प्रवाळांवर चरतात. कीटोडॉन ट्रायफॅसिअॅलिस मात्र मुख्यतः ॲक्रोपोरा हायसिंथस या एकाच प्रवाळावर जगतो. उलट कीटोडॉन ऑरिगा किडे, कोळंबी, मिळेल ते खातो, म्हणून टाकीत तो टिकतो. दुकानात मात्र सगळे 'बटरफ्लाय फिश'च.

तिसरी वाट माशाला बंदिस्त ठेवून, खायला देऊन, वजन-लांबी मोजण्याची. २००८ मध्ये बेरुमेन आणि प्रॅचेट यांनी तेच केलं. प्रवाळ बदललं की वाढ बदलते, असं दिसलं. निवडक खाणारा मासा आपल्या आवडत्या प्रवाळावर चांगला वाढतो. प्रवाळा-प्रवाळात एवढा फरक, तर आर्टेमियाचं काय सांगावं?

आता मामांच्या टाकीकडे या. "खातोय" हे वाक्य तिने डोळ्यांनी बघून सांगितलं होतं, खोटं नव्हतं. पण तोंड लावणं, पोट भरणं आणि अंगी लागणं ही तीन वेगळी विधानं आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. हा मासा समुद्रात दिवसभर थोडं थोडं टिपत फिरतो. दिवसातून दोनदा चिमूटभर टाकलेलं खाणं त्याने टोचलं, म्हणून तो त्यावर जगतो असं सिद्ध होत नाही.

काही हौशी लोक मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर शिंपल्याच्या मांसाचा लगदा लावून असे मासे जगवतात. हे खरं आहे. पण ज्यांचा मासा जगला तेच लिहितात. ज्यांचा तिसऱ्या आठवड्यात गेला, ते टाकी धुऊन गप्प बसतात. फक्त यशाच्या गोष्टी गोळा केल्या, तर उत्तर चुकणारच.

मग जिवंत प्रवाळच द्यावं का? बार्शीत पोवळं म्हटलं की सराफाकडची अंगठी आठवते. ते पोवळं वेगळं, समुद्रात भिंती बांधणारं प्रवाळ वेगळं. २००१ पासून हे दुसरं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे. आपल्या समुद्रातून ते तोडणं किंवा विकणं गुन्हा आहे. म्हणजे ज्या माशाला तेच लागतं, त्याला घरी पोसायचा सरळ रस्ता आपल्याकडे नाही.

तिचा मासा तेवीस दिवस जगला. तिने रोजचं खाणं लिहून ठेवलं होतं, पण वजन किंवा फोटो एकही नव्हता. त्या वहीवरून तो कशाने गेला हे सांगता येईना.

शेवटी तिने विषय बदलला. 'काय खायला द्यावं' याऐवजी तिने घेतलं: सोलापूर-पुणे भागात कोणत्या जातींचे फुलपाखरू मासे विकले जातात, त्यातले किती केवळ प्रवाळावर जगणारे, आणि ते घरी किती दिवस टिकतात. मेलेल्यांची नोंद धरून.

तुमचा विषय कुठलाही असो, आधी एक काम करा. तुमच्या प्रश्नातलं सर्वांत साधं क्रियापद शोधा. 'खातो', 'वाढतो', 'वापरतो', 'शिकतो', जे असेल ते. आधीच्या संशोधकांनी ते कशाने मोजलं, हे एका पानावर लिहा. ते पान लिहून होईपर्यंत गाइडकडे विषय मंजुरीला नेऊ नका.